पितृपक्ष ते धनत्रयोदशी: हॉल, स्वयंपाकघर आणि एक ओली भिंत

नागपुरात दिवाळीची आवराआवर दसऱ्यानंतर सुरू करायची असते, असं बहुतेक घरांत धरलेलं असतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोताईवाले, म्हणजे भिंती रंगवणारे, मिळत नाहीत. मिळाले तर दोन दिवसांत उरकून पुढच्या घरी जातात, आणि पुट्टीखालची ओल तशीच राहते. २०२५ मध्ये आम्ही ८ सप्टेंबरला, पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी हात घातला. पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणत नाहीत. म्हणजे ते पंधरा दिवस नुसतं बाहेर काढायला मोकळे मिळतात, आणि ‘आधी छान डबे घेऊन येऊ’ हा मोह आपोआप टळतो.

घर तीस वर्षांचं, तळमजल्याचं. दहा बाय चौदाचा हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे स्टोअररूम. खाली मोझॅकची फरशी. माणसं पाच. अख्ख्या घराच्या पोताईचा अंदाज मजुरीसकट ४२ हजार निघाला होता. तेवढे पैसे नव्हते, म्हणून रंग फक्त हॉलला, स्टोअरला चुना, बाकी सगळं धुणं-पुसणं, अशी वाटणी केली.

पहिले तीन दिवस माळे आणि आलमाऱ्यांचे. एका दिवशी एकच माळा किंवा एकच आलमारी उतरवायची, आणि संध्याकाळी ती परत लागली पाहिजे. आम्ही पहिल्या दिवशी उत्साहात दोन माळे उतरवले आणि रात्री झोपायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी घर सुरुवातीपेक्षा वाईट दिसतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. तिथेच बरीच माणसं सगळं परत वर कोंबतात.

वस्तूंचे चार ढीग करायचे: वापरायच्या, द्यायच्या, कबाडीच्या आणि ‘ठरलं नाही’. चौथ्या ढिगाला एकच चुंगडी, म्हणजे पोतं. ती भरली की नवीन काही टाकायला आधीचं काहीतरी काढावं लागतं. चुंगडीवर तारीख लिहून ठेवली आणि धनत्रयोदशीपर्यंत जे कोणी मागितलं नाही ते गेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे वाईट ते गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पोरांच्या डोक्यात ताजी होती, त्यामुळे प्रत्येक फुटकी बकेट दाराबाहेर पडताना ‘घेऊन जा गे मारबत’ ऐकावं लागलं.

कबाडीवाल्याला बोलवण्याआधी माल वेगळा करून घरच्या काट्यावर मोजून ठेवला, तर भावावरून होणारी अर्धी ओढाताण वाचते. रद्दी ४६ किलो, १३ रुपयांनी ५९८. लोखंड २१ किलो, २६ रुपयांनी ५४६. खोके ९ किलोचे ७२ आणि प्लास्टिक ७ किलोचं ७०. एकूण १,२८६ रुपये. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मात्र कबाडात देऊ नये. नवीन घेताना दुकानदार जुनी घेऊन किंमत कमी करतो, आणि आतलं शिसं-तेजाब योग्य जागी जातं.

कागदांना वेगळा दिवस ठेवावा, ११ सप्टेंबर आमचा त्यातच गेला. ले-आऊटमधल्या घराची एकच फाइल असावी आणि तिच्यात हा क्रम: विक्रीपत्र, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा गोषवारा), आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, नागपूर सुधार प्रन्यासची डिमांड नोट आणि ती भरल्याची पावती, आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), मंजूर नकाशा, मग मालमत्ता कराच्या पावत्या. करपावतीवरचा इंडेक्स नंबर, महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि पाण्याचा ग्राहक क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. एरवी दर वेळी हेच शोधत बसतो. विजेची जुनी बिलं टाकली, मालमत्ता कराची एकही पावती टाकली नाही. विक्रीपत्र लॅमिनेट करायचं नाही. शिक्के नीट तपासता येत नाहीत, आणि एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय सुटत नाही. नुसता प्लास्टिकचा खिसा पुरतो. आमच्या विक्रीपत्राची दोन पानं कसरीने खाल्लेली निघाली. दस्त क्रमांक आणि वर्ष शाबूत होतं, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून प्रमाणित नकलेचं शुल्क भरलं. दोन चकरा आणि आठ दिवस लागले. क्रमांक माहीत नसता तर शोधापासून सुरुवात झाली असती.

मग ती भिंत. हॉलच्या खिडकीखाली जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंग फुगलेला, पोपडे निघालेले, आणि पोपड्याखाली मिठासारखी पांढरी पूड. हा लोणा. भिंतीतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. त्यावर कितीही भारी रंग मारला तरी क्षार त्याला आतून ढकलतात. मागच्या दोन दिवाळ्यांना याच जागी पुट्टी भरली होती.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमटपणाची आहे, हे बघायला एक फुकटची चाचणी आहे. पोपडे खरवडून, दीड-दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला सपाट लावायचा आणि चारही बाजू टेपने पक्क्या बंद करायच्या. चोवीस तास हात लावायचा नाही. आम्ही १३ तारखेला लावला आणि १४ ला संध्याकाळी पाहिला. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या अंगाला मोहरीएवढे थेंब दाटले होते आणि खालच्या टेपपाशी त्यांची एक बारीक ओळ जमली होती. बाहेरचं अंग कोरडं. म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं. थेंब खोलीच्या बाजूने असते तर खिडक्या उघड्या ठेवून भागलं असतं.

पाणी कुठलं? नागपूरकरांनी अशा डागाच्या वर मान करून पाहावं, बहुतेक वेळा तिथे कूलर असतो. आमचा स्टँड घराच्या बाजूला बोटभर कललेला होता. टाकी काठोकाठ भरली की पाणी मागच्या काठावरून सज्ज्यावर, आणि तिथून भिंतीत. मार्च ते जून रोज थोडं थोडं, आणि वरून चार महिने पाऊस. उपाय: स्टँडच्या भिंतीकडच्या दोन पायांखाली फरशीचे तुकडे देऊन उतार बाहेर केला आणि टाकीच्या वरच्या भोकाला दोन फूट पाईप जोडून पाणी अंगणात सोडलं. पाईपचे ६० रुपये.

छताच्या कोपऱ्यातला दुसरा डाग गच्चीचा होता. तिथे आधी पाणी जाण्याचं तोंड साफ करावं. पानं आणि कबुतरांची घाण इतकी होती की हातभर काडी जात नव्हती. भेग दिसली तरी पावसात भरायची नाही, ओल्या भेगेला लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, धरत नाही. ५ ऑक्टोबरला, कडक ऊन पडल्यावर, भेग तारेच्या ब्रशने साफ करून क्रॅक भरायची तयार लांबी भरली. २८० रुपये. दोन दिवसांनी गच्चीच्या त्या कोपऱ्यात विटा-मातीचा बांध घालून दोन इंच पाणी चोवीस तास तुंबवून पाहिलं. खाली डाग वाढला नाही.

खिडकीखालचं प्लास्टर मात्र १४ सप्टेंबरपासून तसंच उघडं ठेवलं. पांढरी पूड दर चार दिवसांनी कोरड्या ब्रशने झाडायची. ती पाण्याने धुतली तर क्षार परत आत शिरतात. नवरात्रात घरी येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, भिंत अशी काहून ठेवली? चार आठवडे हे ऐकून घेणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात जड भाग होता.

त्या चार आठवड्यांत बाकीची साफसफाई होते.

आमच्याकडे नळाला पेंच धरणाचं पाणी येतं आणि वरच्या वापराला बोअरचं. बोअरच्या पाण्याने नळ, शॉवर, बाथरूमच्या टाइल्स पांढऱ्या होतात. हा थर साबणाने जात नाही, तो आम्लाने विरघळतो. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, घालायचं. जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवून नळाला गुंडाळायचा, वीस मिनिटं ठेवायचा. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. थर जाड असेल तर दुसऱ्यांदा करावं, खरवडू नये, नळाचा मुलामा निघतो. अर्धा किलो लिंबूसत्त्व इतवारी बाजारात ११० रुपयांना मिळालं आणि दोन बाथरूम, कूलरचा पंप, गीझरचा नळ एवढ्याला पुरून उरलं.

हेच पाणी मोझॅक, कोटा, शहाबादी किंवा मार्बलवर पडू देऊ नये. त्या फरशीत चुनखडी असते, आम्ल तीच खातं. आमच्या मोरीबाहेर टॉयलेटच्या अॅसिडने पडलेला एक आंधळा डाग आहे, तो मशीन फिरवल्याशिवाय जाणार नाही. मोझॅकला कोमट पाणी, थोडा भांड्याचा साबण आणि नायलॉनचा ब्रश एवढंच पुरे, पण साबणाचं पाणी पुसून दोनदा साध्या पाण्याने काढावं. फरशी चिकट आणि मळकट दिसते ती बरेचदा न निघालेल्या साबणामुळेच. आणि ब्लीचिंग पावडर व कोणतंही अॅसिड एकाच बाथरूममध्ये एकाच दिवशी नको. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेततो.

स्वयंपाकघरातल्या चिकटाचं उलटं आहे, तो धुण्याच्या सोड्याने सुटतो. एक्झॉस्टचा प्लग काढून जाळी आणि पाती उतरवायची, पाच लिटर कडक गरम पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबण, अर्धा तास. प्लास्टिकची पाती असतील तर पाणी कोमटच. अॅल्युमिनियमचं काहीही यात टाकू नये, काळं पडतं. आमचा एक गंज, म्हणजे पातेलं, असाच गेला. तेलाच्या बरण्या आणि तिखटाच्या डब्यांची झाकणं आधी कोरड्या बेसनाने किंवा चाळलेल्या कोंड्याने चोळावीत, पीठ तेल ओढून घेतं, मग गरम पाणी. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचा प्रकार सध्या फार दिसतो. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, शेवटी हातात जवळपास खारं पाणीच उरतं. दोन्ही चांगले आहेत, वेगवेगळे वापरा.

झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि पिठीसाखर सारख्या भागात, थोड्या दुधात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या. सिलिंडरच्या मागे, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरपाशी. लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर हे करू नका. गोळ्या ठेवल्यावर त्याच जागी फवारा मारायचा नाही, झुरळं गोळीकडे येतच नाहीत.

कूलरही याच दिवसांत उतरवला. वाळलेलं गवत क्षाराने विटेसारखं झालेलं असतं, ते टाकूनच द्यावं. पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवून, पुसून, कोरडा करून पिशवीत. टाकीचा तळ तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइडचा एक हात आणि तो वाळल्यावर आतून डांबर पेंट. ब्रशसकट ३३० रुपये. टाकीत टिचभर पाणीही ठेवू नये. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक कूलरमधल्या अळ्याच तपासायला येतात.

गाद्या दोन होत्या, नऊ-नऊ किलोच्या. पिंजारी दसऱ्यानंतर गल्लीत फिरतात, पण दर आधी ठरवा: आम्हाला किलोला ४० आणि गादीमागे शिलाई २५०, एकूण १,२२० पडले. पिंजण्याआधी आणि नंतर कापूस समोर तोलून घ्यावा. धुळीचं अर्धा-पाऊण किलो कमी भरतं, त्याहून जास्त नाही.

स्टोअरचा चुना आम्हीच मारला. पाच किलो कळीच्या चुन्याला पंचवीस लिटर पाणी, लोखंडी ड्रममध्ये. चुना पाण्यात पडला की उकळतो, प्लास्टिकची बकेट वितळते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर दवाखाना. चष्मा घालून, थोडा थोडा टाकायचा. चोवीस तास मुरू द्यायचा, मग पातळ कापडातून गाळायचा. गरम पाण्यात विरघळलेला थोडा डिंक आणि किलोमागे फार तर तीन ग्रॅम नीळ. सगळा खर्च १५० रुपये. पहिला हात ओला असताना भिंतीवर काहीच दिसत नाही. घाबरून जाड हात मारला की वाळल्यावर पापुद्रे सुटतात. पातळ दोन हात द्यावेत, एक आडवा, एक उभा. वाळता वाळता पांढरा चढतो. जिथे आधी डिस्टेंपर आहे तिथे चुना टिकत नाही. आमच्या दारामागची पट्टी तशीच हाताला लागते आहे.

हॉलसाठी पोताईवाला मजुरांच्या ठिय्यावरून आणला, ८५० रुपये रोज. तो पहिल्यांदा भिंत बघायला २७ सप्टेंबरला आला होता. खिडकीखाली हात फिरवून म्हणाला, “ताई, पुट्टी मी आजच मारून देतो. पण फुगली तं मले बोलू नका.” मग ११ ऑक्टोबर ठरवला. १० तारखेला प्लास्टिकची चाचणी पुन्हा केली. थेंब नाहीत.

पुट्टीला वरून हलका पाण्याचा शिडकावा चालतो, भिंतीच्या पोटातली ओल चालत नाही. हा फरक बरेच कारागीरही सांगत नाहीत. एक किलो पुट्टीला ३५० ते ४०० मिली पाणी, कालवून दहा मिनिटं ठेवून पुन्हा कालवायची. दोन तासांत संपेल इतकीच करायची. घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी टाकून ती परत वापरली की पुढे पावडर सुटते. दोन पातळ थर, मध्ये रात्र. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. त्यानंतरची धूळ ओल्या फडक्याने पुसली नाही तर प्रायमर धुळीला धरतो, भिंतीला नाही. प्रायमर डब्यावर लिहिल्याएवढंच पाणी घालून. इथे पाणी वाढवून बचत केली की पुट्टीच्या जागा रंगातून ढगासारख्या दिसतात. डिस्टेंपरचे दोन हात, मध्ये चार-सहा तास. एक भिंत सुरू केली की संपवूनच थांबायचं आणि पंखा बंद. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत कड लगेच वाळते आणि जोड दिसतो. पूर्वी ऑइल पेंट असलेली पट्टी असेल तर १२० नंबरने चमक जाईपर्यंत घासणं भाग आहे.

दारं-खिडक्या वजा करून भिंती ४१० चौरस फूट भरल्या. पुट्टी ५ किलो २३०, प्रायमर ४ लिटर ५६०, अॅक्रिलिक डिस्टेंपर १० किलो ९८०, सहा पॉलिश पेपर ७२, ब्रश-रोलर २६०, म्हणजे २,१०२. मजुरी तीन दिवसांची २,५५०. छत नुसतं झाडलं. रंग फिका बदामी घेतला. पश्चिमेच्या उन्हात पांढरा डोळ्यावर येतो आणि गडद रंग ट्यूबलाइट खातो.

डबे, हुक, पडदे हे सगळं १५ ऑक्टोबरनंतर. तोवर किती सामान उरलं ते समोर असतं. आधीच्या यादीत चोवीस बरण्या होत्या, प्रत्यक्षात आठ लागल्या. हुकांसकट ७३०. बरण्यांवर मास्किंग टेप लावून नाव आणि भरल्याची तारीख. टेप निघते, डाग राहत नाही. डाळी भरण्याआधी ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर वाळवल्या. तांदूळ कडक उन्हात ठेवू नये, शिजताना कण्या होतात, त्याला सावलीतली हवा बरी. पडदे दोन सुती साड्यांचे, शिलाई आणि रिंगा मिळून ३२०. पडद्याची दांडी चौकटीच्या वर सहा इंच लावली तर खोली उंच वाटते, यात पैसा जात नाही. हॉलमध्ये एलईडी बल्ब चार ३६०, दारात पाच कुंड्या २५०: तुळस, कोरफड, दोन मनीप्लांट आणि एक स्नेक प्लांट. नागपूरच्या मे महिन्यात जास्त नाजूक काही टिकत नाही. झेंडू आणि आंब्याची पानं सीताबर्डीच्या फूलबाजारातून, ती दिवाळीच्याच खर्चात.

साफसफाईच्या किरकोळ सामानाचे, लिंबूसत्त्वासकट, ४१० धरून एकूण खर्च ८,७६२ रुपये झाला. कबाडाचे १,२८६ वजा जाता ७,४७६. विक्रीपत्राच्या नकलेचं शुल्क यात नाही.

१८ ऑक्टोबरला धनत्रयोदशीला चौथ्या ढिगाची चुंगडी उघडली. तिच्यातून एक पितळी अडकित्ता परत घेतला, बाकी गेलं. उरलेला दीड किलो डिस्टेंपर घट्ट झाकणाच्या डब्यात काढून वर शेडचा नंबर आणि तारीख लिहिली आहे. पुढच्या मार्चमध्ये कूलर चढवून पंधरा दिवस चालवला की खिडकीखाली प्लास्टिकचा तोच तुकडा परत लावून पाहायचा आहे. टेपसकट तो गच्चीच्या जिन्याखाली ठेवला आहे.